‘भाचे, एवढं एक जरा...’

आपल्या होस्टेलवर सध्या निम्म्या रूम्समध्ये कोणी ना कोणी ‘बाहेरचं काम’ करत असतो. कोणी क्लासवाल्यांची वेबसाईट करतो, कोणी दुकानाचं बिलिंग. मेकॅनिकलचे मित्र वर्कशॉपवाल्यांची ड्रॉइंग्ज ऑटोकॅडमध्ये काढून देतात, सिव्हिलवाले कुणाच्या तरी बंगल्याचे प्लॅन काढतात. मेसचं बिल निघतं, घरी फोन करून पैसे मागायची वेळ येत नाही, चांगलंच आहे. काम कसं करायचं ते आपण शिकतो. पण ठरलेलं काम संपायच्या आतच वाढायला लागलं तर काय करायचं, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही. म्हणजे आहे, पण आपल्या ब्रांचच्या नाही, हे मला फार उशिरा कळलं. ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी टी.ई.ला असताना मला पहिलं मोठं काम मिळालं. माझ्या आजोळच्या गावात एक खाजगी दूध डेअरी आहे, म्हणजे संकलन केंद्र. आमचे मामा तिथे दूध घालतात. त्यांनीच मालकांना सांगितलं, ‘माझा भाचा कॉम्प्युटर इंजिनियर होतोय, तो करून देईल.’ झालं. मी गेलो, ओट्यावर बसून चहा प्यालो आणि काम ठरलं.

ज्यांच्या घरी गाईम्हशी नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध येतं. प्रत्येक उत्पादकाला एक कोड नंबर असतो. दूध मोजतात, फॅट आणि एसएनएफ तपासतात आणि त्यावरून दरपत्रकात भाव बघतात. गाईच्या दुधाला आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर ठरतो. त्याच्या खाली-वर गेलं की पॉइंटामागे भाव कमी-जास्त होतो. दर दहा दिवसांनी बिल. हे सगळं मालक आणि त्यांचा एक मुलगा वहीत लिहीत होते आणि बिलाच्या आदल्या रात्री दोघं कॅल्क्युलेटर घेऊन जागत होते. मला करायचं होतं ते एवढंच: रोजची नोंद, दरपत्रकावरून भाव, दहा दिवसांचं बिल. अठरा हजार रुपये. सहा आधी, सहा दाखवल्यावर, सहा चालू झाल्यावर. मुदत दोन महिने. मी मनात साठ तास धरले होते, म्हणजे तासाला तीनशे. रात्री झोप लागली नाही इतका खूश होतो!

कागद काही केला नाही. आजोळच्या गावात सगळेच मामा असतात. मालकही मामाच. मामांकडून सही कशी घ्यायची?

पहिली मागणी तिसऱ्याच आठवड्यात आली. बिल दाखवलं तर मालक म्हणाले, ‘भाचे, हे इंग्रजीत आहे. आमच्या लोकांना वाचता यायला पाहिजे ना?’ बरोबरच होतं त्यांचं. मराठीत करून दिलं. मग निघालं की गाईचं आणि म्हशीचं दरपत्रक वेगळं. तेही केलं. मग कळलं की दर बिलाच्या मध्येच, पाच तारखेला वगैरे, बदलू शकतो; माझा प्रोग्रॅम मात्र नवा दर मागच्या चार दिवसांनाही लावून मोकळा होत होता. तेही दुरुस्त केलं. इथपर्यंत मला काही वाटलं नाही.

नंतर पशुखाद्य आलं. मालक उत्पादकांना पशुखाद्याची पोती उधारीवर देतात आणि ती उचल बिलातून कापतात. ‘भाचे, एवढं एक जरा घालून द्या, म्हणजे ती दुसरी वही पण सुटली.’ मी विचारलं, ‘मामा, हे जरा वेगळं काम आहे...’ ते म्हणाले, ‘असू दे, तुमच्या पैशाचं बघू.’ आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, ‘नाही हो मामा, पैशाचं काय, राहू द्या.’

हे ‘राहू द्या’ मला जितकं महाग पडलं, तितकं त्या सेमिस्टरमध्ये दुसरं काही पडलं नाही.

कारण त्यानंतर दार उघडंच राहिलं. दूध तपासायच्या मशीनवरून फॅट आपोआप कॉम्प्युटरवर यायला हवं, हे केलं. (सिरियल पोर्टची केबल शोधण्यात एक अख्खा रविवार गेला, तो वेगळाच.) मग वाडीवर त्यांनी दुसरं संकलन केंद्र काढलं, त्याचाही हिशोब याच प्रोग्रॅममध्ये हवा. मग उत्पादकांना मोबाईलवर मेसेज गेला पाहिजे. मग मालकांच्या मुलाने कुठेतरी पाहिलं की ‘अॅप’ असतं. मग बँकेत पाठवायची यादी. मग पशुखाद्याच्या दुकानाचा स्टॉक. दर वेळी आधी फोन यायचा आणि तो नेमका प्रॅक्टिकल चालू असताना. दर वेळी वाक्य तेच: ‘भाचे, एवढं एक जरा.’ आपल्याकडे म्हण आहेच, ओसरी दिली की माणूस हातपाय पसरतो. पण नीट बघा, ओसरी दिली कोणी?

मालक लबाड होते असं मी आजही म्हणणार नाही. प्रत्येक वेळी गेलो की जेवल्याशिवाय सोडलं नाही, गणपतीत माझ्याबरोबर आईसाठी खवा पाठवला. त्यांना प्रोग्रॅम आवडला होता, म्हणून ते अजून मागत होते. ज्याला काम पटत नाही तो गिऱ्हाईक मागत नाही, फोन उचलायचा बंद करतो. आणि मुख्य म्हणजे त्यांना यातलं सोपं कुठलं आणि अवघड कुठलं हे कळायला मार्गच नव्हता. बिलाचा फॉन्ट मोठा करणं आणि दुसरं केंद्र जोडणं, दोन्ही त्यांच्या लेखी ‘एवढं एक जरा’च. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी ते पाच महिन्यांत एकदाही केलं नाही.

नोव्हेंबरअखेर मी वहीच्या मागच्या पानावर तास मांडले. १९० तास झाले होते. पैसे मिळाले होते बारा हजार, कारण शेवटचे सहा हजार ‘चालू झाल्यावर’ होते आणि रोज काहीतरी नवं येत असल्यामुळे काम ‘चालू झालं’ असं म्हणायची वेळच येत नव्हती. तासाला त्रेसष्ट रुपये. बरं, पैशाचं सोडा. दोन सबमिशन्स उशिरा दिली होती आणि एका युनिट टेस्टला तर बसलोच नव्हतो.

आणि मग डिसेंबरात ते झालं.

दुसऱ्या केंद्राचा हिशोब मी परीक्षेच्या तोंडावर घाईत जोडला होता. मालकांना सांगितलं नाही, मुदत मागितली नाही, रात्री अकरा ते दोन बसून उरकलं. दोन्ही केंद्रांवर कोड नंबर एकपासून सुरू होत होते. पशुखाद्याची उचल मी फक्त कोड नंबरावरून कापत होतो. केंद्र कुठलं, हे बघतच नव्हतो. त्यामुळे गावातल्या २७ नंबरने घेतलेलं पोतं वाडीवरच्या २७ नंबरच्याही बिलातून कापलं गेलं. असे चौदा उत्पादक निघाले. त्यात एक मावशी होत्या. त्यांच्या दोन गाई. दहा दिवसांचं बिल तीन हजारांच्या आत, त्यातून न घेतलेल्या पोत्याचे दीड हजार गेले होते. त्या बिल हातात घेऊन केंद्रावर उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर मालकांना म्हणाल्या, ‘कॉम्प्युटर आणला तो आम्हाला लुबाडायलाच आणला का?’

मालकांचा फोन मला संध्याकाळी पावणेसातला आला. या वेळी ‘भाचे’ नव्हतं. ‘तुमच्या मामांच्या शब्दावर मी हे घेतलं,’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपर होता. विषय? डीबीएमएस! रात्रभर एनीडेस्कवरून त्यांचा कॉम्प्युटर उघडून चौदाच्या चौदा बिलं परत काढली. मालकांनी सकाळी गल्ल्यातून सगळ्यांचे पैसे चुकते केले. पेपरात कॉम्पोझिट की म्हणजे काय, उदाहरण देऊन स्पष्ट करा, असा प्रश्न होता. उदाहरण माझ्याकडे ताजं होतं. त्या विषयात काठावर पास झालो, बहुतेक त्याच प्रश्नावर.

त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं की न ठरवता वाढलेल्या कामाने फक्त माझंच नुकसान होतं. तसं नसतं. ज्या कामाला किंमत लावलेली नाही त्याला वेळही लावलेला नसतो, टेस्टिंगही नसतं. ते चोरून, झोपेतल्या वेळात केलेलं असतं. म्हणजे फुकट करून मी मालकांवर उपकार करत नव्हतो, त्यांच्या गळ्यात कच्चं काम बांधत होतो. आणि त्याचे पैसे शेवटी वाडीवरच्या मावशींच्या बिलातून गेले.

माझा रूम पार्टनर सिव्हिलचा. तो हे सगळं पाच महिने पाहत होता. पेपर संपल्यावर मेसमध्ये त्याने विचारलं, ‘तुमच्यात एक्स्ट्रा आयटम नसतो का रे?’ मी म्हटलं तो काय प्रकार? तर त्याने मला त्यांच्या कॉन्ट्रॅक्टच्या नोट्स दाखवल्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, म्हणजे सी.पी.डब्ल्यू.डी.च्या, करारांच्या सर्वसाधारण अटींमध्ये कलम १२ या एकाच विषयासाठी आहे. काम चालू असताना बदल होणारच, असं ते कलम धरून चालतं. मूळ यादीत नसलेली बाब आली तर तो एक्स्ट्रा आयटम. एका बाबीऐवजी दुसरी आली तर सब्स्टिट्यूटेड आयटम. बाब तीच पण ठरल्यापेक्षा जास्त प्रमाणात लागली तर तिचा वेगळा हिशोब. प्रत्येकाचा दर कसा काढायचा, मुदत किती वाढवायची, सगळं आधीच लिहिलेलं. परदेशी बांधकामांत वापरतात त्या फिडिकच्या लाल पुस्तकातही तेराव्या क्रमांकाचं कलम व्हेरिएशनचंच आहे. ‘आमच्याकडे जास्तीचं काम मोजून एम.बी.त चढवतात,’ पार्टनर म्हणाला. एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. ‘तू तर अख्खा मजला चढवून दिलास, आणि वही कुठाय तुझी?’

मला यात सर्वांत आवडलं ते हे की या कलमात ‘नाही’ कुठेच नाही. मालकाने काम वाढवू नये असं त्यात म्हटलेलं नाही. वाढवा, पण या दारातून या, आणि दारावर दर आणि तारीख लिहून घेऊ. मी आत्तापर्यंत समजत होतो की माझ्यापुढे दोनच वाटा आहेत: एक तर मामांना तोंडावर नाही म्हणायचं, नाहीतर निमूट करायचं. तिसरी वाट शेजारच्या कॉटवर झोपत होती!

(आपल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या लेक्चरला सर याला ‘स्कोप क्रीप’ म्हणतात आणि डेन्व्हर विमानतळाचं उदाहरण देतात. तिथे सामान वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा बसवायची होती. काम सुरू झाल्यावर विमान कंपन्यांनी बदल मागितले, ते घेतलेही गेले, मुदत मात्र तीच. विमानतळ १९९३ च्या ऑक्टोबरात उघडायचा तो २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडला आणि ती यंत्रणाही शेवटी २००५ मध्ये बंद करावी लागली. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. डेअरीवर ओट्यावर बसलो असताना आठवलं मात्र नाही.)

मग जानेवारीतल्या एका रविवारी मी गावी गेलो. जाण्याआधी दोन दिवस बसून एक कागद केला. ज्यांचं काम आधीच बिघडलंय त्यांना हा भाग उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा नवं काम पूर्ण थांबवलं. जे चालू आहे ते चालू ठेवायचं, चूक निघाली तर दुरुस्त करायची, पण नवीन एक ओळही लिहायची नाही. मालकांना तसं सांगितलं: ‘मामा, पुन्हा तसा घोळ व्हायला नको, म्हणून आधी बसून सगळं ठरवू.’ मग सुरुवातीपासूनच्या सगळ्या मागण्या तारखेसकट लिहून काढल्या. फोनमधले मेसेज उपयोगी पडले. एकूण अकरा निघाल्या.

आता या अकरा एकसारख्या नव्हत्या. मराठी बिल, गाय-म्हैस वेगळं दरपत्रक, मध्येच बदलणारा दर आणि डेटाचा बॅकअप, या चार गोष्टी मालकांनी वाढवल्या नव्हत्या. मीच विचारायला विसरलो होतो. त्यांच्याशिवाय मूळ बिलच उपयोगाचं नव्हतं. मी स्वतःला एक प्रश्न घातला: हे नसतं तर ठरलेलं काम उभं राहिलं असतं का? नसतं राहिलं, तर ते माझ्या अठरा हजारांतच धरायचं, कितीही तास लागोत. राहिलं असतं, तर ते वाढीव. हा भेद प्रामाणिकपणे केला नाही तर पुढचं बोलणंच बिघडतं. समोरच्याला लगेच वास येतो की हा स्वतःची चूक आपल्या नावावर घालतोय.

दुसरा ढीग: पशुखाद्याची उचल, मशीनची जोडणी, दुसरं केंद्र. ही तीन वाढीव कामं मी करून बसलो होतो. यांच्यापुढे किंमत लिहिली: चार हजार, तीन हजार, पाच हजार. तिसरा ढीग म्हणजे अजून न केलेली चार: मेसेज, अॅप, बँकेची यादी, स्टॉक. प्रत्येकापुढे किंमत आणि दिवस.

ओट्यावर बसून कागद वाचून दाखवला. सख्खे मामा शेजारीच होते, आणि खरं सांगतो, घशाला कोरड पडली होती. पहिल्या ढिगाचं ‘हे माझ्याकडून राहिलं होतं, याचे काही नाहीत’ हे वाक्य ऐकल्यावर मालक सावरून बसले. दुसऱ्या ढिगावर मात्र गाडी अडली. ते म्हणाले, ‘तुम्हीच तर म्हणालात, पैशाचं राहू द्या.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणालोच होतो. मी म्हटलं, ‘मामा, म्हणालो होतो. ती चूक झाली. पण फुकटात केलं म्हणून घाईत केलं आणि मावशींचं बिल चुकलं. पुढे तसं करायचं नाहीये मला.’ थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मालकांनी घासाघीस सुरू केली आणि मला हायसं वाटलं, कारण घासाघीस म्हणजे गिऱ्हाईकाने हिशोब मान्य केला. बारा हजारांचे सात झाले.

तिसऱ्या ढिगाची तर गंमतच झाली. मेसेजसाठी मी चौकशी केली होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८ च्या नियमांमुळे व्यवसायाला असे एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर नोंदणी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना दोन्ही मंजूर करून घ्यावे लागतात, आणि मेसेजगणिक खर्च वेगळाच. मालकांनी विचारलं, ‘हा खर्च कायमचा?’ मी म्हटलं, हो. ‘मग नको. लोक बिल तर बघतातच की.’ अॅपपुढचा आकडा पाहून त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने जमिनीकडे. बँकेची यादी साडेतीन हजारांत करायची ठरली. स्टॉकचं दिवाळीनंतर बघू म्हणाले. तीन महिने ज्या मेसेजसाठी आणि अॅपसाठी माझ्या डोक्याला ताप होता, ती दोन्ही कामं किंमत दिसताच दोन मिनिटांत त्यांनी स्वतःच काढून टाकली. त्यांना ती तितकी हवी नव्हतीच. फुकट होती म्हणून हवी होती.

एकूण हिशोब असा: मूळ अठरा, वाढीव सात, यादीचे साडेतीन, म्हणजे साडेअठ्ठावीस हजार. माझे तास अखेरीस २३० झाले. तासाला १२४ रुपये. तीनशेचं स्वप्न गेलं ते गेलंच. पण उरलेले सगळे पैसे मार्चपर्यंत मिळाले आणि मामांचा शब्दही राहिला.

आता ज्यांचं काम अजून सुरू व्हायचं आहे त्यांनी काय करावं? एक पान लिहावं, मराठीत, गिऱ्हाईकाला कळेल असं. त्यात कामात काय आहे हे सगळेच लिहितात. काय नाही, हेही लिहा. तीच ओळ पुढे उपयोगी पडते. ‘एकाच केंद्राचा हिशोब. उधारी, स्टॉक, मोबाईलचं अॅप यात नाही.’ मी हे लिहिलं असतं तर मालकांनी तेव्हाच सांगितलं असतं की उधारीशिवाय कसं चालेल, आणि दर तेव्हाच ठरला असता. दुसरं, शेवटचा हप्ता ‘काम पूर्ण झाल्यावर’ असा ठेवू नका. पूर्ण कधी होतं? ‘पहिल्या दोन बिलांचा हिशोब वहीशी जुळला की’ असं मोजता येणारं काहीतरी ठेवा. तिसरं, मागणी कोण करणार ते एकच नाव. आमच्याकडे मालक, त्यांचा मुलगा आणि केंद्रावरचा माणूस असे तिघेही मला सांगत होते आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नसायचं. किती आणि काय लागेल याचा तुम्हालाच अंदाज नसेल तर ठोक रक्कम सांगूच नका, तासावर किंवा महिन्यावर घ्या. अंदाज नसताना ठोक सांगणं हा जुगार आहे, आणि मी तो खेळलो.

नवी मागणी आली की फोनवर ‘बघतो’ म्हणायचं नाही. ‘लिहून पाठवतो’ म्हणायचं. मी आता असा मेसेज पाठवतो:

‘नमस्कार. आज फोनवर बोललेलं काम (अमुक) ठरलेल्या यादीत नाही. करता येईल. त्याला इतके रुपये आणि इतके दिवस लागतील. आधीचं काम त्यामुळे इतके दिवस पुढे जाईल. करायचं असल्यास इथेच “हो” लिहा, म्हणजे सुरू करतो.’

एखादी छोटी गोष्ट खरंच फुकट द्यायची असेल तर जरूर द्या, पण तीही अशीच लिहून: ‘किंमत ८०० रुपये, या वेळी आकारलेली नाही.’ म्हणजे ती फुकट आहे हे दोघांनाही दिसतं.

कायद्याचंही थोडं. मी वकील नाही, पण वाचल्यावर बरंच स्पष्ट झालं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात तोंडी करारही करार असतो, अडचण फक्त सिद्ध करण्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरत नाही. म्हणून मेसेजवरच्या त्या ‘हो’ला अर्थ आहे. करार कायद्याचं कलम ७० तर मला फारच लागलं. फुकट करायचा हेतू नसताना तुम्ही दुसऱ्यासाठी काही केलंत आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर तो मोबदला देणं लागतो. फुकट करायचा हेतू नसताना! म्हणजे ‘पैशाचं राहू द्या’ म्हणून मी माझ्याच हाताने ते कलम बाद केलं होतं. कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण नोकर नसताना लिहिलेल्या प्रोग्रॅमची मालकी लेखी दिल्याशिवाय जात नाही, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं; सोर्स कोड द्यायचा की नाही ते त्या एका पानात लिहून टाकावं. आणि एफ.ई.च्या मित्रांनो, अठरा पूर्ण नसतील तर तुमचा करार कायद्याने टिकत नाही. हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच मोहोरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. घरच्या मोठ्या माणसाच्या नावाने काम घ्या.

पण खरं सांगायचं तर वीस-पंचवीस हजारांसाठी आपण कोर्टात जाणार नाही, आणि आजोळी तर नाहीच नाही. कागद कोर्टासाठी करायचा नसतो. सहा महिन्यांनी दोघांच्याही लक्षात वेगवेगळं राहतं, म्हणून करायचा.

माझ्या त्या एका पानाचा आणि मेसेजचा कोरा नमुना रीडिंग रूमच्या नोटीस बोर्डावर लावला आहे, झेरॉक्स काढून घ्या. स्टॉकचा विषय अजून ‘दिवाळीनंतर’वरच आहे. सध्या बी.ई.चा प्रोजेक्ट चालू आहे. सिनॉप्सिस मंजूर झाला, मॉड्यूल्स ठरली, आणि परवा गाईड सर म्हणाले, ‘छान झालंय. यात एवढं एक जरा मशीन लर्निंगचं मॉड्यूल घाल.’ सरांना मेसेज पाठवायची हिंमत अजून झालेली नाही.